आज ऑर्गन वाजणार नाही

अहो,

तुमचा पांढरा झगा इस्त्री करून दारामागे टांगलाय. आज चर्चमध्ये उपासनेला मी नाही, गाणी ऑर्गनशिवायच म्हणा.

मी शिवणवाल्या काकूंबरोबर तुरुंगात चाललेय, त्यांच्या मुलाला भेटायला. भेटीची वेळ रविवारी सकाळचीच असते, त्याला माझा इलाज नाही. मुलाच्या गुन्ह्यापायी काकूंचं नाव महिला मंडळातून काढायचं कमिटीनं ठरवलं, तेव्हा तुम्ही मूग गिळून बसलात. हा झगा त्यांनीच शिवलाय, घालताना तेवढं आठवा.

पाळकीणबाई कुठे आहेत, असं मंडळी विचारतीलच. नेहमीसारखं ‘तिचं डोकं दुखतंय’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. माझं डोकं ठणठणीत आहे. मागच्या रविवारी ‘कैद्यांना भेटायला जा’ असं उपदेशात तुम्हीच हात आपटून सांगितलंत आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी ते मनापासून म्हटलं होतं, एवढंच सांगा.

दुपारी कमिटीचे सेक्रेटरी आपल्याकडे जेवायला आहेत, ते मी विसरलेली नाही. येताना काकूंनाही घेऊन येतेय. ताटं चार मांडा, आणि काकूंचं सेक्रेटरींच्या शेजारी.