सेल्मरभाऊंचं मयत आणि पुढच्या शनिवारचा सामना

हेग्लंड, शुक्रवार
(गहू कापून झाला, सोयाबीन अजून उभं आहे)

थोरले बंधू रोल्फदादा यांस धाकट्या आर्लनचा नमस्कार, आणि जोलीनवहिनींनाही. इकडे आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक आहोत. तुम्हीही असाल, निदान तुझा गुडघा सोडून बाकीचे सगळे भाग तरी. त्या गुडघ्याची मला फार काळजी वाटते. त्याच्याकडे मी पुन्हा येईन. वहिनींनी पाठवलेला रानचेरीचा मुरंबा संपला. (तुझी भावजय रोंडा म्हणते, बरणी धुऊन परत पाठवते असं लिही. बरणीत तिने काकडीचं लोणचं घातलं आहे. ते मात्र लिहू नकोस असंही ती म्हणाली आहे.)

पत्राला कारण म्हणशील तर तसं काही नाही, आणि मागणं तर मुळीच नाही. पुढच्या शनिवारी आमच्या एवढ्याशा कॉलेजचा फुटबॉल संघ तुमच्या थोरल्या विद्यापीठाच्या मैदानात उतरणार, ही गोष्ट तुझ्या कानावर आली असेलच. की आली नसेल? रोंडा म्हणते, हत्तीला कुणी सांगायला जातं का, की आज वाटेत मुंगी भेटणार आहे म्हणून. पण दादा, इकडे दुसरं बोलणंच नाही. आमचं कॉलेज वरच्या श्रेणीतल्या संघाशी आजवर कधी खेळलेलं नाही. तुमच्यासारखे लोक आमच्यासारख्यांना मोसमाच्या सुरुवातीला हरायला बोलावतात आणि वर बिदागी देतात, हे मला कळतं. वाजंत्रीवाल्यालाही बिदागी मिळते, पण म्हणून तो वाईट वाजवत नाही. मी अगदी शांत आहे. काल गायींना चारा घालायचा तो मी कुत्र्यापुढे नेऊन घातला, एवढं सोडलं तर मी अगदी शांत आहे.

तुमच्या संघाची चित्रफीत कोच विर्ट्झने चर्चच्या तळघरात पांढरा पलंगपोस टांगून आम्हा सगळ्यांना दाखवली. तुमच्या आघाडीच्या फळीतला तो एक जण, नाव मला उच्चारता येत नाही, तो चौकटीत आला की पलंगपोसावर दुसरं काही दिसेनाच. अर्डिसकाकू (त्याच, चर्चच्या स्वयंपाकघराच्या, अजून तशाच आहेत) पुढच्या बाकावरून म्हणाल्या, "ह्याच्या आईने ह्याला खायला घातलं तरी काय असेल?" आणि सगळा वेळ त्या त्याच विवंचनेत होत्या. रेडिओवाला म्हणतो आपण सहा टचडाउननी, म्हणजे बेचाळीस गुणांनी हरू. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मी फक्त एक गोष्ट पाहून ठेवली आहे, ती तुला म्हणून सांगतो, तिकडे बोलू नकोस. लाथेने उंच उडवलेला चेंडू झेलायला तुमचा जो पोरगा मागे उभा असतो, तो चेंडू हातात येण्याआधीच प्रेक्षकांना हात करतो. तुमच्याकडे एकाहत्तर हजार माणसं बघायला बसतात म्हणे, तेव्हा त्याचाही मोह मी समजू शकतो. पण वारा वायव्येकडून असला आणि चेंडू जरा वाकडा आला, तर ज्याचा हात रामराम करण्यात गुंतला आहे त्याचं काय होणार? बायबलातल्या नीतिसूत्रांत गर्वाबद्दल काय लिहिलं आहे ते तुला बाबांनी पाठ करून घेतलं होतं.

आता तो चेंडू लाथेपर्यंत पोचवतो कोण? आपला निल्स. लोक मला विचारतात, तुमचा मुलगा संघात काय करतो, आणि मी सांगतो की तो खाली वाकतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो. मग ते पिकापाण्याची चौकशी करतात. पण हे काम असं आहे दादा, की ते नीट केलं तर ते करणाऱ्याचं नाव कुणालाही कळत नाही, आणि चुकलं तर सगळ्या राज्याला कळतं. चार वर्षांत त्याचं नाव रेडिओवर एकदाही आलेलं नाही. रोज संध्याकाळी तेवढ्यासाठी मी देवाचे आभार मानतो. सगळ्या उन्हाळ्यात गोठ्यामागे लाथ मारणाऱ्याच्या जागी मी उभा राहिलो आणि त्याचे फेकलेले चेंडू झेलले. सुरुवातीला सगळे छातीवर झेलले, कारण हात वर यायला वेळ लागायचा. आता दहांतले नऊ माझ्या हातात येतात. दहावा रोंडाच्या टोमॅटोंत जातो. यंदा टोमॅटो कमी आले.

हे त्याचं शेवटचं वर्ष. इतक्या मोठ्या मैदानात तो पुन्हा कधी उभा राहायचा नाही. मी अर्थातच येत नाही. परगावचा त्याचा एकही सामना मी पाहिलेला नाही, कारण चर्चच्या घंटेच्या दोराशी कुणीतरी हवं. आपण जिंकलो तर खेळ संपल्याबरोबर चर्चची घंटा वाजली पाहिजे, शेतात यंत्रावर बसलेल्या माणसालाही ती ऐकू गेली पाहिजे, हा बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निल्सनेही कधी काही म्हटलं नाही. परवा फक्त विचारत होता, "बाबा, तुमचा तो मनोऱ्यातला रेडिओ नीट लागतो ना?" मी म्हटलं, लागतो. मग आम्ही दोघं बराच वेळ कुत्र्याकडे बघत बसलो.

तर सांगायचं होतं ते बुधवारचं.

मागचा सगळा मोसम आपण हरलो, त्यामुळे विजयाची घंटा कशी ती वाजलीच नव्हती. मयतं आणि रविवार तेवढे जुन्या दोराने कसेबसे निभावले. पण जिंकल्यावर ती ओढायची असते जोरात, न थांबता, आणि दोर मध्येच तुटला तर? (रोंडा म्हणाली, "आधी जिंका तरी!" तिची श्रद्धा माझ्याहून कोरडी आहे.) म्हणून बुधवारी दुपारी मी नवा जाड दोर घेऊन मनोऱ्यात चढलो. आवाज होऊ नये म्हणून घंटेच्या लोलकाला गोणपाट गुंडाळलं, नीट बांधलं. आत पारव्यांचा कलकलाट असतो, म्हणून कापणीयंत्रावर घालतो तो कान झाकायचा टोपही चढवला. मग खाली उतरून नवा दोर सैल पडावा म्हणून सावकाश ओढत राहिलो, एक हिसडा, मग थोडी विश्रांती, मग दुसरा. असं करताना मन फार शांत होतं. मी निल्सचा विचार करत होतो, जरा प्रार्थनाही केली. गोणपाट पहिल्याच हिसड्याला गळून पडलं होतं, हे मला मागाहून कळलं.

सावकाश, एकेक ठोका, म्हणजे काय ते तुला सांगायला नको. गेलेल्या माणसाच्या वयाइतके ठोके. सगळं गाव हातातलं काम टाकून मोजत बसलं. न्हाव्याने कात्री वर धरली आणि गिऱ्हाईक तसंच अर्धं ठेवलं. माझी प्रार्थना लांबली, त्यामुळे आकडा सत्तरीच्या पुढे गेला, ऐंशीच्या पुढे गेला, तसा गावातल्या पुष्कळ लोकांचा जीव भांड्यात पडला आणि थोड्यांचा वर आला. न्हाव्याच्या मोजणीने चौऱ्याऐंशी ठोके झाले. आता गावात चौऱ्याऐंशीचं माणूस एकच, ते म्हणजे खुद्द अर्डिसकाकू, आणि त्या तर स्वयंपाकघरात उभ्या राहून मोजत होत्या. त्यांनी न्हाव्याला ठणकावलं, "सत्त्याऐंशी! मी काय मेल्येय? सत्त्याऐंशी होते!" सत्त्याऐंशीचे एकटे सेल्मर बाकेन. त्यांना दोन दिवस कुणी पाहिलेलंही नव्हतं. झालं, ठरलं.

मी कानावरचा टोप काढून बाहेर आलो तर चर्चच्या पायऱ्यांवर आपल्या नव्या पास्टरबाई, धापा टाकत, काळा झगा उलटा घातलेला. (त्या शिकागोकडच्या, वयाने लहान आहेत, पण मनाने फार चांगल्या.) "आर्लनकाका, गेलं कोण?" मी म्हटलं, कुणी नाही. त्यांना वाटलं मला बोलवत नाहीये, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्यासाठी प्रार्थना करू लागल्या. प्रार्थना मध्येच तोडणं बरं दिसत नाही. ती संपेपर्यंत तळघरातल्या स्वयंपाकघरात सगळ्या शेगड्या पेटल्या होत्या.

तिकडे अर्डिसकाकू बटाट्याच्या गोळ्यांची हॉटडिश घेऊन सेल्मरभाऊंच्या दारात, त्यांच्या मागे हॅमची सँडविचं, गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली आणि खजुराच्या वड्या. दार उघडलं ते खुद्द सेल्मरभाऊंनी. त्यांना हल्ली अजिबात ऐकू येत नाही, घंटाही ऐकू गेली नव्हती. एवढं जेवण बघून त्यांनी ओळखलं आणि टोपी काढून हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

"तुम्ही!" अर्डिसकाकू ओरडल्या.

सेल्मरभाऊंनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "बरं. कॉफी आणलीय का?"

मयताचं जेवण सबंध गावाचं शिजून तयार, आणि मयत कॉफी मागतंय! आपल्याकडे अन्न टाकत नाहीत. पास्टरबाईंनी झगा सुलट केला आणि म्हणाल्या, आपण संघाला जेवायला बोलवू, मुलं सरावाला मैदानावर आहेतच. कोच विर्ट्झ सगळ्यांना घेऊन आला. नव्वद घामेजलेली पोरं मयताच्या टेबलांवर रांगेने बसली, मधोमध मानाच्या खुर्चीवर सेल्मरभाऊ, कारण जेवण त्यांचं. पास्टरबाईंनी घाईत मयताचा उतारा धरला होता तोच वाचला, मृत्यूच्या छायेच्या दरीचा. पोरांनी खाणं थांबवलं. त्या दरीला कुठल्या मैदानाचं नाव आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं. (दावीद आणि गल्याथाची, पोरगा धिप्पाड राक्षसाला लोळवतो ती गोष्ट सांगायची नाही असं बाईंनी आधीच जाहीर केलं आहे. म्हणाल्या, पवित्र शास्त्र गल्याथाच्या गावातही मिळतं.) तेव्हा सेल्मरभाऊ उठले. शेजारच्याने त्यांना सामन्याचं कागदावर लिहून दिलं होतं. ते म्हणाले, "पोरांनो, मी आज दुपारी गेलो. खरं सांगतो, मला आता कशाचीच भीती वाटत नाही. ती जेली इकडे सरकवा."

दादा, त्यानंतर तळघरात जो आवाज झाला तो आपल्या लहानपणीही मी ऐकलेला नाही. परवापासून सरावाला पोरं "सेल्मर! सेल्मर!" अशी आरोळी ठोकतात. गावात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, संघाचं तेराव्यासकट सगळं आधीच उरकलं, आता आशा नाही. दुसरा म्हणतो, मरण आपलं बुधवारी भोगून झालं, आता पुढे पुनरुत्थानाखेरीज काही शिल्लकच नाही. मी चर्चचा नोकर, मला पक्ष घेता येत नाही. पण रात्री पडल्या पडल्या मला तुमचा तो पोरगा दिसतो, एक हात वर केलेला, आणि वारा वायव्येकडून.

माझ्यावर कुणी फार रागावलं नाही. फक्त मंडळीची सभा बसली आणि अर्डिसकाकूंनी ठराव मांडला, की ह्यापुढे त्या दोराला ज्यांना बाबांनी स्वतः शिकवलं त्यांच्याशिवाय कुणाचाही हात लागता कामा नये, आणि जो लागेल त्याने कान उघडे ठेवावेत. ठराव एकमताने पास झाला. बाबांनी शिकवलेले दोघंच उरले, एक मी, आणि दुसरा कोण ते तुला माहीत आहे.

असो. तू तिकडे शिकायला गेलास आणि लाल स्वेटर घालून परत आलास, त्या दिवशी बाबांनी जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबवली होती, एवढंच. ते तुझ्यावर कधी चिडले नाहीत, मीही नाही. शनिवारी मजेत सामना बघ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझा धाकटा भाऊ,
आर्लन

ता. क. तुझी स्टेडियममधली जागा अगदी वरच्या रांगेत आहे ना? पायऱ्या किती आहेत? तुझ्यासारख्या गुडघ्याच्या माणसाने त्या चढाव्यात हे मला, भाऊ म्हणून, बरोबर वाटत नाही. इकडे मनोऱ्याखाली एक खुर्ची आहे, गादीची, सगळं काही सपाटीवर. रेडिओ छान लागतो. तुझं तिकीट वाया जाऊ नये म्हणून मी काहीतरी सोय बघीन.

आणखी ता. क. हे मी फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू पटकन नाही म्हणतोस. पत्राला नाही म्हणायला पाकीट शोधावं लागतं. लाल स्वेटर घालून आलास तरी चालेल, पास्टरबाई म्हणतात लाल रंग पेन्टेकॉस्टच्या सणाचा. तुझ्याच संघाच्या हारीची घंटा तुझ्याच हाताने वाजवायची हे जड आहे, मी जाणतो. पण तुमची खात्रीच आहे ना सहा टचडाउनची? मग तुला नुसतं खुर्चीत बसून हॅम खायचा आहे. तू नाही आलास तर सेल्मरभाऊ तयार आहेत. ठरावातून त्यांना सूट मिळाली, कारण कायद्याने ते हयात नाहीत. पण रेडिओ त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा ते मनाला येईल तेव्हा वाजवतील.

शेवटचं. निल्सला काही सांगितलेलं नाही. सकाळी धान्याच्या कोठारापाशी आपल्या गाड्या एकमेकींना ओलांडतील, मी दिवे लावून खूण करीन, तू तिकीट तेवढं काचेतून दे. आणि जर का आपण जिंकलो, तर दादा, मी गावात शिरेपर्यंत घंटा थांबवू नकोस. मला ती रस्त्यावरूनच ऐकायची आहे, काचा खाली करून, निल्स शेजारी बसलेला. वाट चार तासांची आहे, ठाऊक आहे मला. बाबांचे हातमोजे दाराआडच्या खुंटीला आहेत.