खुणेची बाटली

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता मी कोल्हापुरात तेल तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि तुम्ही मला घाण्याच्या ऑफिसात जे शिकवलंत तेच करते: तेलाचा रंग बघते. इथे पांढऱ्या भिंतीऐवजी एक पेटी आहे. आत दिवा, एका बाजूला काचेच्या चौकोनी भांड्यात तेल, दुसऱ्या बाजूला लाल-पिवळ्या काचांच्या पट्ट्या. नळीला डोळा लावायचा आणि दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत काचा सरकवत राहायच्या. सारख्या दिसल्या की काचांवरचे आकडे लिहायचे. शेंगदाण्याचं तेल येतं, सरकीचं येतं, कधी रबराच्या कारखान्यात लागणारं तेलही येतं. बाकीचे एकदा बघतात, मी तीनदा बघते. आमच्या मॅडम म्हणतात, "अगं, तेल आहे ते, लग्नाचा मुलगा नाही. किती बघशील!" सगळे हसतात, मीही हसते, आणि पुन्हा नळीला डोळा लावते.

तीनदा बघायची सवय तुमचीच. गडहिंग्लजच्या आपल्या घाण्यावर हंगामातलं पहिलं चांगलं तेल तुम्ही एका बाटलीत भरून ठेवायचात. तिला सगळे खुणेची बाटली म्हणायचे. वहीच्या कागदात गुंडाळून ती कपाटात असायची, आणि वर्षभर निघणारं तेल तिच्या शेजारी भिंतीसमोर धरून ताडून बघायचं. मी सहावीत असताना तुम्ही म्हणालात, "माझ्या डोळ्यावर आता सारा आलाय, धुरकट दिसतंय. हितनं पुढं तू बघायचं. बाटली तुझ्या ताब्यात." त्याआधी मला कुणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं. मला तर झोपेतही ती पडून फुटताना दिसायची. कपाटातून वह्या ओढताना कुणाचा धक्का लागेल, झुरळं अंगावरून फिरतील, म्हणून मी कागद काढून टाकला आणि बाटली ऑफिसच्या पश्चिमेच्या खिडकीत, डोळ्यासमोर ठेवली. शाळेतून आले की रोज पुसायची. तुम्ही "आण" म्हटलंत की आणायची. कुठून आणते हे तुम्ही विचारलं नाहीत.

शिमगा झाला असेल. तुम्ही दोन पेले माझ्यासमोर धरलेत, एकात बाटलीतलं तेल, एकात ताजं.

"काय दिसतंय?"

"ताजं काळपट हाय."

"नीट बघ की."

"बघितलं अप्पा. लालसर हाय."

तिसऱ्यांदाही तेच दिसलं. तुम्ही मामांना हाक मारलीत. मामा म्हणजे दाणे घाण्यात जाण्याआधी मोठ्या कढईत गरम करणारे, माझ्या जन्माआधीपासून तिथेच उभे असलेले.

"दाणं करपवतोयस तू," तुम्ही म्हणालात.

"मालक, जाळ तोच, कढई तीच, हात माझाच. त्याल काळं कसं हुईल?"

"माझी पोरगी तीनदा बघून सांगतीया. ती काय खोटं बोलंल?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, कारण मी खरंच खोटं बोलत नव्हते. आठ दिवस रोज हेच झालं. नवव्या दिवशी मामांनी उलथणं धुऊन भिंतीला टेकवलं आणि गेले. घरी तुम्ही आईला म्हणालात, "पोरगी पारखी निघाली." मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली. नवा माणूस आला तरी रंग फारसा बदलला नाही. यंदा शेंगाच तशा असतील, असं तुम्ही म्हणालात. तेव्हाही आपल्याला काही सुचलं नाही.

मागच्या महिन्यात मी एक जुना नमुना पुन्हा तपासायला काढला, तर लाल आकडा निम्म्यावर आलेला, रंग फिका पडलेला. मला वाटलं, आधी मीच चुकले होते. मॅडमनी बाटली कुठे होती ते विचारलं. रॅक भरलं म्हणून कुणीतरी ती खिडकीत ठेवली होती. "मग विटणारच ना," त्या म्हणाल्या, "तेल उजेडात विटतं." हे मला माहीत होतं, अप्पा. कॉलेजात मी परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते. पण आपली खिडकी मला त्या दिवशी, मॅडमचं ऐकल्यावर आठवली. तेल काळं होत नव्हतं. बाटली फिकट होत होती.

त्या रविवारी मी एसटीने मामांच्या गावी गेले, चंदगडच्या रस्त्याला. ते घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. "कोण पावणं?" म्हणाले, मग ओळखलं, "मालकांची धाकली! ये ये. केवढी झालीस!" सून चहा घेऊन आली. मामा आपणहून बोलत राहिले. घाणा सुटल्यावर ते काजूच्या कारखान्यात लागले, पोती उचलायला. "भट्टीवर घेत हुते मला. मीच नको म्हटलं. हात बिघडलाता माझा. जाळ कळंना झालता. मालकांनी येळेवर दाखवून दिलं, न्हायतर मला कुठलं कळतंय?" आणि त्यांनी तो हात उलटा-सुलटा करून मला दाखवला. एक माणूस इतकी वर्षं पोती वाहतो आणि त्याला वाटतं की ते बरोबरच झालं.

मी सांगितलं. बाटली खिडकीतल्या उजेडात विटली होती, मामांचा हात बरोबर होता, नजर चुकली ती आपली, हे सगळं एका दमात सांगितलं. मामा हसले. "खुळी का काय! म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलीस व्हय? अगं, बाटली कपाटात असायची, कागदात गुंडाळून. मी माझ्या डोळ्यानं बघितलीया. मालक ती खिडकीत कशाला ठिवत्यात?" त्यांनी तुमची बाजू घेतली, अप्पा, आणि स्वतःचा हात मांडीखाली सारला. मी परत परत सांगत राहिले, ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "बरं, खिडकीत हुती म्हणतीस. मग ठिवली कुणी?"

ते थट्टेने विचारत नव्हते. उत्तराची वाट बघत होते. मी दोन शब्द बोलले असते तर त्यांना पटलं असतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुम्हाला सांगते. परतीची गाडी यायला अजून अर्धा तास होता. मी म्हटलं, "मामा, गाडी चुकंल माझी," आणि उठले.