वाटी काळी का पडते

दम्माम,
१२ फेब्रुवारी १९९१

तीर्थरूप अण्णांस,
शिवांगीचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भट्टीजवळ फार वेळ बसू नका. इकडे मी बरी आहे. आधी ‘आम्ही’ लिहून खोडलं, ते दिसेलच तुम्हाला. गुरुनाथ गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. दम्मामहून विमानं सुरू होईपर्यंत त्यांना इथल्या शवागारातच ठेवणार आहेत.

लढाईमुळे शाळा बंद आहे, म्हणून खालच्या मजल्यावरच्या बदरुद्दीनभाईंच्या मासूमाला मी शिकवते. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल, आणि धडा कांस्ययुगाचा. पुस्तकात चारच ओळी आहेत. शाळेत घालण्याआधी तुम्ही मला भट्टीपाशी बसवून सांगायचात, तसं मी तिला सांगितलं. दगडाची कुऱ्हाड कोणीही करावी. दगड सगळ्यांच्याच पायाखाली होता. काशाला तांबं लागतं आणि कथील लागतं, आणि दोन्ही सहसा एका गावात सापडत नाहीत. मग ती आणायला गलबतं आली, मोजायला वजनं आली, साठवायला कोठारं, आणि कोठारांवर पहारेकरी. शेतात राबणाऱ्याच्या हाती पुष्कळ काळ दगडच राहिला; तलवार गेली कोठाराच्या मालकाकडे. इथल्याच किनाऱ्याने तेव्हा तांब्याची गलबतं जात. ‘ज्याच्या घरी कथील, त्याच्या दारी गाव,’ हे तुमचं वाक्यही सांगितलं.

मासूमा म्हणाली, “टीचर, फिर तो स्टोन एज ही अच्छा था. सायरन तरी नव्हता.”

मी हसले. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा. मग तिने विचारलं, “काशाचं चांगलं काहीच नाही झालं?” मी म्हणाले, घंटा झाली, टाळ झाले, वाटी झाली. मग मी पुस्तक मिटलं.

अण्णा, वाटीबद्दल मी तारेत लिहिलं नव्हतं.

जुबैलच्या कारखान्यातली पाळी संपवून हे आले ते तापाने फणफणूनच. मान वळवता येत नव्हती. तुम्ही लग्नात दिलेली काशाची वाटी मी काढली आणि त्यांच्या तळपायांना तूप लावून घासू लागले. “कासाराची मुलगी केली, डॉक्टर घरातच,” हे म्हणाले. तेवढ्यात बदरुद्दीनभाई दारात आले. “वहिनी, गाडी खाली उभी आहे. यल्ला, हॉस्पिटलला निघू या.”

मी त्यांना वाटी दाखवली. “बघा, किती काळी पडली. उष्णता निघतेय. थोडं थांबू.”

चार तास थांबलो. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मेंदूज्वर. उशीर झाला.

मी आठ वर्षांची असताना तुम्ही लाकडी पाटाला तूप लावून त्यावर वाटी घासली होती. पाटाला कुठला ताप? तरी ती काळी पडली. “तुपाने पडते गं. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, वाटू दे. तू मात्र लक्षात ठेव.” मी ठेवलं होतं. त्या दुपारीही आठवत होतं. पण सकाळीच सायरन झाला होता, मला रस्त्यावर जायची भीती वाटत होती, आणि काळी वाटी मला थांबायला कारण देत होती.

माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगतात, मुलगा लढाईत गेला. मी ते खोडून काढलेलं नाही. पायांना वाटी घासली होती, एवढंच त्यांना कळवलं होतं. आता त्यांचा निरोप आलाय, शेवटी त्याच्या पायांना लागलेली वाटी मला दे, उशाशी ठेवीन.

मासूमा आणि तिची आई परवा जेद्दाहून भारतात यायला निघतायत. हे पत्र आणि वाटी त्यांच्याकडे दिली आहे. वाटी आहे तशीच दिली आहे. चिंच लावून उजळू नका. सासूबाईंना बोलावून त्यांच्यासमोर पाट मांडा, दुकानातली नवी वाटी घ्या, तूप लावा, घासून दाखवा. मग हे पत्र वाचा. त्यानंतरही त्यांनी मागितली, तर द्या.

तुम्ही शिकवलेलं विसरली नव्हती, ती तुमची
शिवांगी