खेळात पाय लागतोच

पुणे, ता. १७ जुलै १९३८

सौ. गुणावहिनींना अनंताचा नमस्कार. हे पत्र नेहमीप्रमाणे सावळाराम गुरुजी शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही नमस्कार. अंबूआजी ऐकायला बसलेली असेलच, तिलाही सांगणे.

मी खुशाल आहे. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष सुरू झालं. हे कॉलेज म्हणजे अवघड प्रकरण आहे. यंत्रांची चित्रं काढायची, त्यात एक रेघ केसभर जाड झाली तरी प्रोफेसर सगळा कागद परत करतात. या महिन्यात माझे चार कागद परत आले. वर्षभरात ठरलेले कागद पुरे झाले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत. आमच्या वर्गातली दोन मुलं गेल्या साली याच पायी घरी गेली.

तरीही मला हुतुतूच्या संघात घेतलं आहे. आमच्या कॉलेजात हुशार मुलं पुष्कळ आहेत, पण दम कुणाला नाही. हुतुतू हुतुतू म्हणत पलीकडे शिरायचं, गडी मारायचा आणि त्याच एका श्वासात मधली रेघ गाठून परत यायचं, यात ही मंडळी निम्म्या वाटेतच धापा टाकतात. कप्तानानं मला विचारलं, एवढा दम कुठून आणलास? मी म्हटलं, आमच्याकडे घाटाची चढण आहे.

सुट्टीत मी घाईनं निघून आलो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कॉलेजचं काम निघालं होतं.

लावणी कुठवर आली? बैल बरे आहेत ना? दादाला सांगावे की अनंता खुशाल आहे.

आपला,
अनंता

---

वैशाखरे, ता. २ ऑगस्ट १९३८

चिरंजीव अनंताला गुणाबाईचा आशीर्वाद. गुरुजी म्हणत होते शुद्ध करून लिहितो. मी म्हटलं, मी बोलते तसंच लिवा, नायतर त्याला वाटंल दुसऱ्याच कुणाचं पत्र आलं.

लावणी झाली. बैल बरे हायेत. तुझा दादा नांगरामागं डावा पाय फेकत चालतो. मुरबाडला डाक्टरला दाखवला. तो बोलला, गुडघा आता असाच ऱ्हानार.

तुझ्या पत्रात गुरुजींना नमस्कार आला, अंबूआजीला आला, मला आला. गुरुजींनी कागद उलटा करून मागनं पन बघितला. तुझा दादा तिथंच बसला होता. उठला नि बैलांना पानी दाखवायला गेला.

तू ये असं तो म्हनत नाय. येऊ नको असंबी म्हनत नाय. मी मधी पडनार नाय. तुमी दोघं भाऊ, तुमचं तुमी बघा.

गुणाबाई

---

पुणे, ता. ५ फेब्रुवारी १९३९

दादा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरलो नाही, खाली ठेवला आहे.

वहिनींच्या पत्राला सहा महिने उत्तर दिलं नाही. कागद पुरे करायचे होते हे एक कारण सांगता येईल, आणि ते खोटंही नाही. या महिन्यात सगळे पुरे झाले, परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. पण पत्र लिहायला चित्रासारखी महिनाभर रेघ मारावी लागत नाही, हे तुलाही कळतं.

परवा आमचा शेवटचा सामना झाला, मुंबईच्या एका कॉलेजाबरोबर. तो जिंकला असता तर विद्यापीठाच्या संघात आमच्यातले तिघे जाणार होते, त्यात माझं नाव होतं. आमचे प्रोफेसरसुद्धा बघायला आले होते. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, की परीक्षेत दम धरून भागत नाही, तिथे श्वास घ्यावा लागतो. एवढा विनोद त्यांनी वर्षात एकदाच केला.

शेवटची चढाई माझी होती. आम्ही एका गुणानं मागे होतो. मी एक गडी मारला, दुसरा मारला आणि वळलो, तेवढ्यात त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्यानं झेप घेऊन माझा घोटा धरला. तू धरायचास तसाच, दोन्ही हातांनी, खाली डोकं घालून. मी पाय झाडला. टाच त्याच्या कपाळाला लागली आणि हात सुटले. नियमानं त्यात काही चूक नव्हती. रेघ माझ्यापासून दोन हात होती. नुसतं आडवं पडलो असतो तरी जिंकलो असतो.

दादा, मी मागे वळलो, वाकलो, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हात छातीशी नेला. पाय लागला की करतो तसं. तोंडानं हुतुतू चालूच होतं. दम शेवटपर्यंत तुटला नाही, हे मात्र खरं. तो गडी कपाळ चोळत माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, पळ की!" तोवर बाकीचे पाचजण माझ्या अंगावर पडले होते.

सगळं मैदान हसलं. कप्तान म्हणाला, "देवळात आला होतास का रे?" विद्यापीठाच्या संघाची यादी लागली, तिच्यात मी नाही. दोन दिवस झाले, खानावळीत मी शिरलो की कुणीतरी उठून माझ्या पाया पडतं. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला दुसरंच काही वाटतं आहे, आणि ते आता लिहितो.

गुरुजी, इथून पुढे जरा मोठ्यानं वाचा. अंबूआजीला कमी ऐकू येतं. आणि ओट्यावर आणखी कुणी असेल तर त्यांनाही थांबवून घ्या.

गेल्या हनुमान जयंतीला गावच्या शेतातल्या सामन्यात दादानं माझा घोटा धरला होता. मी लाथ झाडून सुटलो. ती त्याच्या डाव्या गुडघ्यावर बसली. तो मातीत पडला आणि मी रेघ ओलांडून हात वर करून नाचलो. तेव्हा अंबूआजी बांधावरून ओरडली होती, "अरं, मोठ्याला पाय लागला ना रे? पाया पड आधी!" आणि मी सगळ्या गावादेखत म्हणालो होतो, "खेळात पाय लागतोच, आजी. आमच्या कॉलेजात असल्यासाठी कुणी पाया पडत नाय."

दादा मातीत बसून माझ्याकडे बघत होता. तो वाट बघत होता हे मला कळत होतं. कळूनही मी वळलो नाही. सकाळी त्याचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता, तो मी दारातून बघितला आणि आत न जाता चालत मुरबाड गाठलं.

कॉलेजचं काम वगैरे काही निघालं नव्हतं. कॉलेज बंद होतं. दीड महिना मी वसतिगृहात एकटा होतो, शिपायाच्या हातचं जेवत होतो.

दादा, मला दम तू दिलास. ओढ्यापासून वरच्या वडापर्यंत डोक्यावर भारा घेऊन हुतुतू म्हणत चढायला लावायचास, मधे श्वास घेतला की परत खाली. त्याच दमावर इथे मी नाव मिळवलं, आणि तुझं खेळणं कायमचं बंद केलं. परवा ज्याच्यापुढे वाकलो त्याचं नावही मला माहीत नाही. त्याच्या कपाळाला साधं खरचटलं होतं. तुझा पाय अधू केला आणि तुझ्यापुढे वाकलो नाही. मला या गोष्टीची फार लाज वाटते.

हे तुला एकट्याला कळवावं, गुरुजींना गुपचूप वाचायला सांगावं, असं आधी मनात आलं होतं. पण लाथ सगळ्यांसमोर मारली होती.

माझी परीक्षा हनुमान जयंतीच्या दोन दिवस आधी संपते. तू येऊ नको म्हणालास तर येणार नाही. काहीच म्हणाला नाहीस तर येईन, आणि सामन्याआधी त्याच शेतात जे राहिलं आहे ते करीन. अंबूआजीला बांधावर पुढे बसवा. नंतरची पेरणी आणि लावणी होईपर्यंत नांगर मी धरीन. कॉलेज उशिरा गाठलं तर प्रोफेसर रागावतील, त्यांना काय सांगायचं ते मी बघून घेईन. या वेळी खरं सांगीन.

तोवर हा कागदावरचा घे. डाव्या गुडघ्याला हात लावून नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
अनंता