भागीच्या आगराचं पान

नाना,

परवा वाचनालयाचे चिटणीस आले होते. तुमचेच विद्यार्थी. आता कानशिलं पांढरी झालीत, तरी आपल्या ओटीवर बसताना अजून मांडी आवरून, हात गुडघ्यांवर ठेवून बसतात. म्हणाले, मास्तरांची मिठागरांची वही आम्हाला द्या, छापायचं ठरलंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या काळात त्या वहीची चौकशी फक्त वाळवीने केली आणि तिलाही मी कडुलिंबाचा पाला घालून परत पाठवलं. मी हो म्हटलं. उठता उठता ते म्हणाले, "भागीची गोष्ट सगळ्यात आधी घालू. गावाला तीच आवडते." मी पाण्याचं भांडं उचलून आत गेले. त्यांना वाटलं असणार, वडिलांच्या आठवणीने गहिवरली. तसं काही नव्हतं, नाना. मी घाबरले होते.

एकोणिसाव्या वर्षी विधवेचं अलवण नेसून मी उरणला तुमच्या दारात परत आले, तेव्हा आई नव्हती आणि दादा मुंबईला नोकरीत होता. घरात आपण दोघंच. येणारा-जाणारा मला 'बिचारी' म्हणून जायचा. आठवडाभराने एका सकाळी तुम्ही चुलीसमोर पाट ओढून बसलात आणि म्हणालात, "बायो, माझी एक अडचण आहे. आगरावरच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. मास्तर दिसला की तोंडात पदर. तू जाऊन विचारशील?" मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "ते मला पाठ आहे. मला हवंय ते बायका काय म्हणतात ते." आणि खुंटीवरची तुमची काळी छत्री काढून माझ्या हातात दिलीत. ती आता तीन काड्यांवर उभी आहे. दुरुस्तीला टाकायचं धाडस होत नाही, कारण नवं कापड घातलं की ती कोणाचीही छत्री होईल.

गावाचं पोट मिठावर आणि दारूच्या भट्ट्यांवर. मोऱ्याच्या बंदरातून मिठाचे मचवे मुंबईला जायचे, आणि भट्ट्यांची धुराडी एकेक करून थंड व्हायला लागली होती. तुमचं म्हणणं असं की राजांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, पण हा बांध कुणी घातला, या आगराला हे नाव का पडलं, हे सांगणारी माणसं संपली की गाव आपलं मुळाक्षरच विसरेल. प्रत्येक मिठागराला नाव होतं. ते नाव कुणाचं, एवढंच तुमच्या वहीला शोधायचं होतं. ऐन उन्हात बांधावरून मी जाते आहे, दोन्ही बाजूंनी पांढरी शेतं डोळ्यांत घुसताहेत, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया थांबून मला न्याहाळताहेत, हे मला आजही दिसतं. पहिल्या दिवशी एकीने विचारलं, "बामनाची पोर तू, आगरान कनाला आलीस गो?" मी म्हटलं, गोष्टी ऐकायला. ती इतकी हसली की टोपलीतलं मीठ सांडलं. पण नंतर बसली, आणि बोलली. त्या बायांमध्ये मला कोणी बिचारी म्हटलं नाही. त्यांच्यातल्या निम्म्या माझ्यासारख्याच होत्या आणि त्यांना त्याचा बाऊ करायला वेळ नव्हता.

प्रत्येक आगरातलं चिमूटभर मीठ तुम्ही औषधाच्या बाटलीत भरून, चिठ्ठी चिकटवून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचात. एकदा घाईत माझा हात चुकला आणि करंजा गावाकडच्या एका आगराचं मीठ मी आमटीत घातलं. तुम्ही जेवलात, हात धुतलात, रिकामी बाटली उजेडात धरलीत आणि म्हणालात, "आज आपण पुरावा जेवलो." दुसऱ्या दिवशी दोन मैल चालत जाऊन पुन्हा मीठ आणलंत. मला न्यायला तयार नव्हतात, शिक्षा म्हणून.

त्याहून मोठी बोलणी मी एकदाच खाल्ली. उधाणात घर गेलेल्या एका बाईची हकीकत मी लिहून आणली होती, आणि तिच्यात 'बिचारी' लिहिलं होतं. तुम्ही बोट ठेवून विचारलंत, "हा शब्द तिचा की तुझा?" मी म्हटलं, माझा. "मग काढ. ऐकलं ते लिहायचं. आपल्याला वाटलं ते लिहायला आपण कोण?" त्या शब्दाचा मला किती राग येतो हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तोच मी दुसरीला लावला होता. मी शब्द खोडला आणि परसात जाऊन रडले. प्रत्येक हकीकतीखाली तुम्ही एक ओळ लिहायचात: 'सांगणार', आणि पुढे त्या बाईचं नाव आणि तिचं आगर. मी आणलेली एकही हकीकत त्या ओळीवाचून वहीत गेली नाही.

आता भागीबद्दल लिहिते. भागीचं आगर वहीत सगळ्यात शेवटी राहिलं होतं. तुम्हाला दम लागायचा, बंदरापर्यंतही जाववत नव्हतं. रोज विचारायचात, "भागी कोण, कळलं का?" पलीकडच्या पाड्यावर एक म्हातारी होती, ती आगरावरची सगळ्यात जुनी. माघात एका दुपारी मी तिच्याकडे गेले. ती सुकट निवडत होती. म्हणाली, "भागी? ती तं म्हस व्हती गो. आमचे आज्याची. चिखलान रुतली न् तिकरंच मेली. तवाशी भागीचा आगर." मी पुन्हा विचारलं. "म्हशीचा काय इचारतेस दोनदा? दूध बरा देयाची, बोलत."

मी हसतच निघाले होते. तुम्हालाही हसू येईल असं वाटत होतं. पण रथसप्तमी जवळ होती आणि आपल्या आळीत हळदीकुंकू होतं. बायका नटूनथटून समोरून येत होत्या. त्यातल्या एकीने, माझ्याबरोबर सागरगोटे खेळलेल्या मैत्रिणीने, मला लांबून पाहिलं आणि हाताने खूण केली: जरा बाजूला हो. मी कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, त्या सगळ्या जाईपर्यंत. काकणांचा आवाज बराच वेळ येत होता. छत्री मिटलेली होती, ती मी उघडली आणि तोंडासमोर धरली. तिथून आपलं घर शंभर पावलांवर. तेवढ्या शंभर पावलांत म्हशीची बाई झाली.

तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, बोरू तयार. मी सांगितलं की भागीचा नवरा मचव्यावरून बुडाला. दिरांनी आगर मागितलं, तिने दिलं नाही. एका उधाणाला बांध फुटला, लोक यायला उशीर होता, तेव्हा भागी त्या भगदाडात पाठ लावून बसली, आणि माणसं येईपर्यंत समुद्र तिने पाठीवर थोपवला. तुम्ही माझ्याकडे खूप वेळ पाहिलंत. "असं म्हणाली म्हातारी?" मी हो म्हटलं. मग तुम्ही एकच विचारलंत, "ती बाई नंतर उठली ना तिथून?"

"उठली," मी म्हटलं.

"बरं झालं," असं म्हणून तुम्ही लिहायला घेतलंत.

त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. त्याआधी भेटायला येणाऱ्या मुलांना तुम्ही ती गोष्ट वाचून दाखवलीत. मुलांनी आयांना सांगितली, आयांनी आगरावर नेली. आता मोसमाचं पहिलं मीठ निघालं की सगळ्या आगरांवरच्या बाया भागीच्या बांधावर मूठमूठ मीठ ठेवतात आणि मग कामाला लागतात. मिठाचा कायदा मोडायच्या वर्षी त्या पोलिसांसमोर बसल्या, तेव्हा एक दुसरीला म्हणत होती, "भागीसारी बस, हलू नको." मी रस्त्यावरून ऐकलं आणि घरी येऊन दार लावून घेतलं. ती म्हातारी तोवर वारली होती. खरं काय ते जाणणारी गावात मी एकटीच उरले. एकटेपणाची मला सवय आहे, नाना, तुमच्यामागे दुसरं होतंच काय. पण या एकटेपणात मी चोर होते. वहीला दरवर्षी ऊन दाखवलं, पण तेवढं पान बारा वर्षं उघडलं नाही.

चिटणीस गेल्यावर ठरवलं, ते पान फाडायचं. तुमच्या वहीत मी घातलेलं खोटं तुमच्या नावावर छापलं जाण्यापेक्षा वही एका पानाने फाटकी गेलेली बरी. काल दुपारी फळीखाली बसून पान काढलं. दम लागत असतानाचं तुमचं अक्षर, ओळी खाली उतरलेल्या. गोष्ट जशी सांगितली तशी, एक शब्द जास्त नाही. आणि शेवटी नेहमीची ओळ. 'सांगणार', आणि पुढे म्हातारीचं नाव असायला हवं होतं. तिथे लिहिलं आहे: 'माझी मुलगी'.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पूर्वी कधी मिठाची बाटली भरायला गेला होतात तेव्हा म्हातारीने आधीच सांगितलं होतं, का माझ्या तोंडाकडे बघून कळलं, हे विचारायला आता कोणी नाही. मी फळीखाली बसून राहिले. चहाचं आधण आटून गेलं.

पान फाडलं नाही. त्याच्या खाली जागा होती, तिथे मी लिहिलं: भागी ही म्हैस होती, चिखलात रुतून मेली, दूध बरं द्यायची. सांगणार म्हणून म्हातारीचं नाव घातलं. तुमची ओळ तशीच ठेवली. उद्या वही वाचनालयात जाईल. चिटणीस दोन्ही छापतील की एकच, ते त्यांनी ठरवावं. चिडतील थोडे. हे पत्र मात्र वहीत ठेवत नाही, नाहीतर तेही छापून मोकळे होतील. फळीवर भागीच्या बाटलीमागे ठेवते.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी पहिलं मीठ निघालं. बायांनी मला बांधावर बोलावलं, दरवर्षी बोलावतात, दरवर्षी मी काहीतरी कारण काढते. आज गेले. त्यांच्या ओळीत उभी राहिले, कोणी बाजूला हो म्हटलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मूठ उघडून मीठ ठेवलं आणि हात जोडले. कालच शाईने लिहून ठेवलं होतं मी, नाना, पण त्या वेळी मला म्हैस आठवली नाही.