कंस उघडा राहिला

सोमवार, ४ ऑगस्ट

मेलो! आई म्हणायची, तुझं तोंड एक दिवस तुलाच खाईल. आज खाल्लंच.

क्लासमधल्या नव्या पोरांना आजपासून 'तपास' वापरायला दिलं. दोन महिने खपून मीच बनवलेलं. वेबपानाचे रंग, मापं ठरवणारी फाईल — स्टाईलशीट — लिहून झाली, की काळ्या खिडकीत 'तपास' आणि फाईलचं नाव टाकायचं. कुठल्या ओळीत काय चुकलं ते मराठीत सांगतं. इंग्रजीतली लाल ओळ बघून पोरं गारठतात, म्हणून मराठीत. आणि अदबीनं! "सातव्या ओळीत अर्धविराम राहिला आहे. कृपया टाका."

दहा मिनिटांत मेहेक उठून उभी. फळवाल्या इसाकभाईंची पोरगी. "सर, हे मशीन मला बे म्हणायलंय."

जाऊन बघतो तर — "कंसाला उघडा सोडून कुठं गेलतास बे?"

महिरपी कंस बंद करायचा राहिला की हे येतं. बनवताना मीच रोज विसरायचो, म्हणून मीच मला झापलं होतं. नंतर बदलायचं राहूनच गेलं!

मेहेक हसली. मला कुठलं हसू येतंय! माझ्याआधीचे रविराज सर एका पोरीला "काय बे" म्हणाले, तर सरस्वतीबाई मॅडमनी त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. क्लास त्यांचा, नियम त्यांचा. भिंतीवर पाटीच हाय — 'इथं अरे-तुरे चालणार नाही.'

दुपारी बाराही मशीनवरची ओळ बदलली. सुटलो.

मंगळवार, ५ ऑगस्ट

न्हाई सुटलो. तेरावं मशीन! मॅडमच्या केबिनमधलं. शनिवारी त्यांनीच 'तपास' टाकून घेतलं — "मला बी बघू द्या सर, काय बनवलंत." तिथं जुनंच हाय, बे-वालं. आणि मॅडमना यातलं ओ की ठो येत न्हाई. म्हणजे कंस राहणारच! पहिल्या दिवशी सगळ्यांचा हाच राहतो.

बुधवार, ६ ऑगस्ट

 केबिनला कुलूप, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

गुरुवार, ७ ऑगस्ट

हिंमत केली. "मॅडम, तुमच्या मशीनवरचं 'तपास' जरा बदलून देतो."

चष्म्यावरून बघितलं त्यांनी. "काय बदलणार? शेजारी बसते, दाखवा मला."

"मग... राहू द्या. घाई न्हाई."

घाई न्हाई म्हणे! गाढव हाय मी.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीची सुट्टी. आईनं नारळीभात केला, मी नुसता चिवडत बसलो.

"कावून असा बसलास? जेव की."

काय सांगू हिला? पुण्यातली नोकरी अशीच गेली. मॅनेजरला चारचौघांत म्हणालो, "तुला काय कळतंय बे!" इथली तीन महिन्यांची मुदत पंधराला संपते. झेंडावंदन झालं की मॅडम पाकीट देणार. एकतर कायम, न्हाईतर रामराम. रामराम झाला की परत पुणं. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा राहिलाय. गॅस पेटवताना हातानं चाचपडते. अशा माणसाला परळीत एकटं टाकून जाऊ कसा?

भ्यालोय. लई भ्यालोय. कागदावर तरी खरं लिहावं.

सोमवार, ११ ऑगस्ट

केबिनच्या काचेतून दिसलं. काळी खिडकी उघडी! मॅडम एका बोटानं टायपायल्यात. कीबोर्डवर बसलेली वीजकेंद्राची राख फुंकायच्या, एक अक्षर दाबायच्या. मग एकदम थांबल्या. स्क्रीनजवळ तोंड नेलं.

मी तिथून पळालो. शिकवताना 'रंग' म्हणायच्या जागी दोनदा 'राग' म्हणालो.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मॅडमनी रोजच्यासारखं फीचं रजिस्टर मागितलं. हे जास्त वाईट.

बुधवार, १३ ऑगस्ट

बोलावलं!

"सर, तुमचं गाव कुठलं?"

"युसूफ वडगाव."

"तिकडं सगळे असंच बोलतात का?"

"कसं, मॅडम?"

"काही न्हाई. जा तुमी."

कळलं त्यांना. सगळं कळलं. हसल्या बी न्हाईत, चिडल्या बी न्हाईत. रविराज सरांना म्हणे आधी असंच थंडपणे चहा पाजला होता.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आईला सांगून टाकलं. कंस म्हणजे काय हे समजवायला लागलो, तर ती म्हणाली, "कृष्णाचा मामा?" मग, "बाईमाणसाला बे म्हणलास?"

"मी न्हाई, मशीन म्हणलं."

"मशीनला कुणी शिकवलं?"

 उद्याचा पांढरा शर्ट तिनंच इस्त्री केला, चाचपडत. कॉलर तशीच चुरगळलेली राहिली. मी तोच घालणार.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडा झाला. मॅडमनी पाकीट दिलं, वर बघितलंच न्हाई. मी तिथं फोडलं न्हाई, घरी आणलं. आई म्हणाली, "मोठ्यानं वाच." वाचलं. कायम! खाली निळ्या पेनानं मॅडमचं अक्षर होतं, तेही वाचून दाखवलं —

"चार दिवसांपासून शिकायले. कुणाला सांगू नका. आणि कुठं न्हाई गेलते बे, हितंच बसलते. कंस बंद केला."