डब्याचा दसरा

२९ सप्टेंबर, रविवार
आज मोबाईल वाजला न्हाय. दीड वर्ष झालं, वाजत न्हाय. मला काही पडलेली न्हाय. दिवसातनं चारदाच बघते.

नात शिवांजली. कॉम्प्युटरवरच्या शेतीच्या गेममधी घालायला तिनं आपली बैलगाडी बनवली. परदेशातली माणसंबी ती हाकतेत. गाडीत काही नवं केलं की खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकायला एक बॉट ठेवलाय; त्या ग्रुपात मीबी हाय. दवंडी देणारा, दुसरं काय. तो कंटेनरमधी राहतो म्हणाली. म्हणजे डबा. डोळ्याला दिसत न्हाय, पण डबाच.

पोरगी गेली हैदराबादला. डबा इथं उमरग्यात, तिच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधी. लाईट जाऊन आली की तिनं भिंतीवर चिकटवलेल्या कागदाची पहिली ओळ टाईप करायची, मग डबा चालू. मी तिसरी पास, पण अक्षराला अक्षर जुळवते. तिच्यासाठी न्हाय. मशीन पडून राहिलं तर उंदरं वायरी खातेत.

ठराव: उद्यापासनं मोबाईल बघायचा न्हाय.

३० सप्टेंबर, सोमवार, सकाळी सात
बघितला. टाईम बघायला.

दुपारी
दसरा काढला. घट बसायच्या आत घरातलं समदं धुऊन निघालं पाहिजे. वाकळा, चादरी, डाळीचे डबे, माळ्यावरची पितळेची भांडी. सून राजेश्वरी कमरेला हात लावून बसली. मी अजून उभी. मग आठवलं, एक डबा राहिला. कागदाची दुसरी ओळ: जुना टाकून नवा करायची. पुढं लिहिलंय, फक्त बिघडला तरच. दीड वर्षाची धूळ म्हणजे बिघाडच की. टाकली ओळ.

सायंकाळी पाच
वाजला! चौदा मेसेज, एकामागं एक! इंग्रजीखाली मराठीतबी लिहिती पोरगी. चाकं मजबूत केली. बैल पावसात बुजत न्हाईत. तिसरा: बैलांना आज्जीची हाक. ती हाक माझी. गोठ्यात मोबाईल धरून तिनंच रेकॉर्ड केली होती.

ग्रुपवर कुणीतरी नुसती प्रश्नचिन्हं टाकली. लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत न्हाय.

३ ऑक्टोबर, गुरुवार
घट बसवला. सगळे मेसेज पुन्हा वाचले. शेवटचा असा: आज्जीच्या हाकेचा आवाज वगळला. चष्मा पुसून परत वाचलं. मग डोकं चालवलं. जुना वगळला म्हणजे नवा घेणार. नवा घ्यायला इथं यावंच लागतंय. दसऱ्याला येती.

राजेश्वरीला सांगितलं. ती दळण घेऊन निघून गेली. आईच्या काळजाची न्हाय ही बाई.

भांडणाचं मी काढणार न्हाय. मी असं काय बोलले होते? गेल्या सालच्या रंगपंचमीच्या आदल्या दिवशी एवढंच म्हणले की कॉम्प्युटरमधी बैलं राखायची तर घरात कशाला, गोठ्यात जाऊन रहा. पाहुण्यांपुढं म्हणले, एवढंच. तेवढ्यावर कुणी बॅग भरतंय? माझ्या सासूनं मला खरंच गोठ्यात निजवलं होतं.

ठराव: आली की पहिलं बोलायचं न्हाय. जेवलीस का, एवढंच विचारायचं.

८ ऑक्टोबर, मंगळवार
मोबाईल गप. गाडीचं रिझर्वेशन मिळत नसंल. सणाचं लई अवघड असतंय. शेंगाच्या पोळ्यांना दाणे भाजले. तिला जरा करपलेले आवडतेत. आपोआपच करपले.

खोकला बरा केला. आवाज द्यायचाय.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
तिची गादी उन्हात टाकली तवा राजेश्वरी म्हणाली, आत्याबाई, बसा खाली. आन् मोबाईल घेऊन एकेका मेसेजखाली बोट ठेवलं. बारक्या अक्षरात तारीख होती. समद्या जुन्या.

म्हणाली, तुम्ही डबा टाकून नवा केला, त्यात बॉटची आठवण गेली. कुठलं सांगून झालंय तेच विसरला. म्हणून पहिल्यापासनं परत सांगत सुटला.

मी म्हणले, तुला लई कळतंय गं, शाळा शिकलेली. तर म्हणाली, शिवांजलीनंच सांगितलं. ती दर रविवारी फोन करती मला. गेमचं केव्हाच सोडलंय तिनं. आज्जीला सांगू नको म्हणती.

दीड वर्ष दर रविवारी. आन् मी म्हणायचे, ही बाई गच्चीवर कपडे वाळवायला एवढा वेळ का लावती.

शेवटच्या मेसेजची तारीख मी माझी मी बघितली. रंगपंचमीच्या आदल्या दिवसाची.

१२ ऑक्टोबर, दसरा
कुणी आलं न्हाय. येणार नव्हतंच, मला ठाऊक होतं. राजेश्वरीनं सोनं म्हणून आपट्याचं पान हातात दिलं, पाया पडली. तिला करपलेल्या पोळ्या वाढल्या. खाल्ल्या बिचारीनं.

मग खोलीत जाऊन कागदाची दुसरी ओळ पुन्हा टाईप केली. बिघडलेलं न्हाय, ठाऊक होतं. ग्रुपवरची माणसं शिव्या देतील. देऊ द्या.

वाजायला लागला. चाकं. पाऊस. आज्जीची हाक. तेरा मोजले. चौदावा यायच्या आत वायर ओढली.